कानाचं मशीन, अकरा महिन्यांनंतर: ढोल चालतो, पिशवी चालत नाही

मशीन घेतल्यापासून त्याच्यासाठी काल चिपळूणची चौथी फेरी झाली. ज्येष्ठ नागरिक म्हणून एसटीचं अर्धं तिकीट पडतं हे खरं, पण चार फेऱ्या म्हणजे चार दिवस दुकान बंद, ते कोण भरून देणार? तेव्हा घेण्याच्या विचारात असाल तर आधी हे वाचा.

मशीन आरआयसी प्रकारचं. डबी कानामागे, बारीक वायरच्या टोकाचा स्पीकर कानाच्या भोकात. जोडीचे ६४,००० मोजले. चार्जिंगवालं मुद्दाम घेतलं नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे किती दिवस अंधार होता ते आठवत असेल तर कारण विचारू नका. ३१२ नंबरचा सेल मला सहा दिवस जातो. त्याचा तपकिरी स्टिकर काढला की आत हवा शिरते आणि सेल चालू होतो, म्हणून मिनिटभर उघडा ठेवून मग बसवायचा. रात्री स्टिकर परत चिकटवून सेल वाचवायचा उद्योग मी करून बघितलाय. वाचत नाही. ब्लूटूथ आहे म्हणतात, असेल.

माझं गुहागरात काजू, कोकम, फणसपोळीचं दुकान. गिऱ्हाईक ‘सात पाकिटं’ म्हणायचं, मी आठ बांधायचो. ‘स’ माझ्या कानातून केव्हाच गेलेला. आठवं पाकीट परत काढताना गिऱ्हाइकाच्या तोंडावर जे हसू यायचं, त्या हसण्याने मला ६४,००० खर्च करायला लावले.

पहिल्या दिवशी एसीच्या बंद खोलीत कान तपासून मशीन लावून देणाऱ्या मॅडमचं बोलणं इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी तिथेच पैसे देऊन मोकळा झालो. स्टँडवर हॉर्न, घरी ताटल्यांचा खणखणाट, याची तयारी होती. स्वतःचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला, तोही चार-सहा दिवसांत अंगवळणी पडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून पाव किलो काजूगर भरायला पारदर्शक पिशवी उचलली आणि अंगठ्याने तिचं तोंड उघडलं. कर्रर्र! कोणीतरी माझ्या कानाच्या आत बसून सुकी झावळी मोडतंय असं वाटलं. हातातले काजू सांडले. दिवसाला शंभर-सव्वाशे पिशव्या उघडतो मी.

हिने लांबून विचारलं, “अहो, काय झालं?”

“पिशवी,” मी म्हटलं.

“पिशवी काय?”

आता काय सांगणार? तिच्यासाठी तो आवाजच नाही. दुपारपर्यंत मशीन गल्ल्यात गेलं, आणि पुढचे पंधरा दिवस तिथेच सुट्ट्या पैशांशेजारी पडून होतं. त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. मशीन नसतानाही पिशव्या टोचायला लागल्या म्हणून कानात कापूस घालून बसायला लागलो. हे अजिबात करू नका. कानाला जितकी शांतता द्याल तितका तो नाजूक होतो, हे मॅडमनी पहिल्या फेरीत सांगितलं.

त्याच फेरीत खरी भानगड कळली. मला वाटायचं, कमी ऐकू येतं म्हणजे सगळंच कमी येतं. तसं नसतं. कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी गेल्या की हळू आवाज येत नाही, पण मोठा आवाज मोठाच लागतो. मधली जागा तेवढी आकसते. मॅडमनी बीप वाढवत नेला आणि सहन होईना तिथे हात वर करायला सांगितलं. ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, मला ऐकूच यायला लागतं ६५ डेसिबलला आणि खुपायला लागतं ८० ला. धडधाकट कानाला शंभरच्या आसपास खुपतं म्हणे. म्हणजे माझ्याकडे जागा पंधराची. हळू आवाज उचलून या पंधरात बसवायचा आणि मोठा त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढंच मशीनचं काम.

ही खुपण्याची तपासणी विकत घ्यायच्या दिवशीच व्हायला हवी होती. झाली नव्हती. तुम्ही मागून घ्या.

मॅडमनी वरची हद्द खाली आणली, आवाज एकदम न देता काही आठवड्यांत हळूहळू चढेल असं लावून दिलं, आणि रोज दोन तासांपासून सुरुवात करायला सांगितलं. शिमग्यापर्यंत मी दहा तासांवर आलो. पालखीच्या ढोलाची मी धास्ती घेतली होती, पण ढोल मजेत ऐकला. माझ्या मशीनच्या टोकाचं रबर भोकाभोकांचं आहे, त्यातून जाड आवाज सरळ आत येतो, मशीनचा त्यात हात नसतो. झांजेने मात्र डोळ्यांत पाणी आणलं. रात्री समुद्र, शिटी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो, तसा फुसफुसतो, त्यात काही काव्य नाही. किनाऱ्यावर वाऱ्यात नुसता घूं घूं, तिथे मी काढूनच ठेवतो.

दुसरी फेरी फुकट गेली. डावं बंद पडलं म्हणून ४५ किलोमीटर गेलो, मॅडमनी टोकाची मळाची जाळी बदलली, दोन मिनिटांत चालू. ही जाळी घरी बदलता येते हे पावती देताना सांगायला काय झालं होतं?

तिसरी फेरी आषाढातली. उजवं खरंच गेलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, आत ओलावा गेलाय. वॉरंटीत बसत नाही.”

“कोकणात मशीन विकता आणि ओलावा चालत नाही म्हणता? मग सोलापुरात विका की!”

बराच वेळ वाजलं. शेवटी स्पीकर निम्म्या किमतीत बदलून मिळाला, पण अठरा दिवसांनी. ती निम्मी किंमतसुद्धा मी अजून विसरलेलो नाही. आता रात्री सेल काढून मशीन सिलिकाच्या दाण्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो, दाण्यांचा रंग बदलला की नवे. खरं तर काजू मऊ पडू नयेत म्हणून बरण्यांची झाकणं आवळण्यात माझा जन्म गेला, मला हे आधी सुचायला हवं होतं.

यातलं बरंचसं मी त्या अठरा दिवसांतच लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं लिहिणार होतो. पण त्याच दिवसांत मुंबईचं एक कुटुंब दुकानात आलं, एका कानावर मी ‘सात’चे पुन्हा आठ केले, आणि मला स्वतःचाच राग आला. म्हणजे सवय झाली होती तर! तेव्हा ते वाक्य खोडलं. घ्या, पण खुपण्याची तपासणी करून घ्या, आणि पावसाळ्याच्या आधी ती डबी आणा.

राहता राहिली पिशवी. कालची फेरी खास तिच्यासाठी होती. चुरगळलेली पिशवी खिशात घालूनच गेलो आणि मॅडमच्या टेबलावर उघडून दाखवली. त्यांनी स्क्रीनवर एक पट्टी खाली ओढली. पिशवी बरीच मऊ झाली. मी म्हटलं, आणखी ओढा. त्यांनी ओढली, कागद तोंडापुढे धरला आणि म्हणाल्या, “सांगा, मी काय म्हटलं?”

“आठ.”

“सात म्हटलं होतं.”

पिशवीची करकर आणि ‘स’ एकाच घरात राहतात म्हणे. एकीला बाहेर काढलं की दुसराही जातो. पट्टी परत वर गेली.

आज सकाळी व्यापाऱ्याला फोन करून मऊ, एलडी प्लॅस्टिकच्या पिशव्या मागवल्या. नगाला चाळीस पैसे जास्त पडतात, कमी करायला तयार नाही. जुन्या करकरीत पिशव्यांचे दोन गठ्ठे अजून पडलेत, ते टाकून देणं माझ्याच्याने होणार नाही. ते संपेपर्यंत मागच्या पडवीत बसून ही काजू भरते, मी पुढे गल्ल्यावर.