कलिकायन की द्विविभाजन? पाव आणि दह्याची गोष्ट

सेमी इंग्लिशमधली माझी भाची ‘बडिंग’ (कलिकायन) आणि ‘बायनरी फिशन’ (द्विविभाजन) या सजीवांच्या प्रजननाच्या दोन पद्धती घोकत होती. दादरला राहणाऱ्या पोरीला मी म्हटलं, मराठी शब्द घे, अर्थ त्यांतच आहे.

कलिका म्हणजे कळी. वडापावातल्या पावाचं यीस्ट वाढतं ते कलिकायनाने. जनक पेशीवर बारीक फुगवटा येतो, केंद्रक (पेशीतला डीएनए असलेला भाग) विभागून एक त्यात सरकतं, फुगवटा मोठा होऊन सुटतो. सुटल्यावर जुन्या पेशीच्या भित्तिकेवर व्रण उरतो, म्हणून आई कोण, लेक कोण हे ओळखता येतं. हायड्रा या पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्यातही कलिकायन होतं, पण तिथे कळी अनेक पेशींची असते.

विरजणातल्या जीवाणूंचं मात्र द्विविभाजन. डीएनएची प्रत बनते, मधे भिंत उभी राहते, दोन सारख्या पेशी. आई उरतच नाही! अमिबा हा एकपेशीय जीवही असाच दुभंगतो, फक्त जीवाणूंना नसलेलं केंद्रक त्याला असतं.

शब्द म्हणून मला कलिकायनच आवडतं. द्विविभाजन जरा गणिताच्या तासातलं वाटतं. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, “मावशी, पेपरात काय लिहू ते सांग.”