दिवा लागत होता, पुढची चाके फिरत नव्हती

गेल्या वर्षी जूनमध्ये मी नवापूरच्या पलीकडे, गुजरातेतील जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून डबल कॅबची, म्हणजे आसनांच्या दोन रांगा असलेली, एक फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देऊ शकणारी) पिकअप साडेचौदा लाख रुपयांना घेतली. तिची पुढची चाके इंजिनाला जोडलेलीच नाहीत, हे मला अडीच महिन्यांनी, ऐन पोळ्याच्या दिवशी, शिरपूर तालुक्यातील मित्राच्या शेतात गाडी रुतल्यावर कळले. जुनी गाडी घेताना कागद नीट पाहावेत, असे सगळेच सांगतात. माझ्या गाडीचे कागद शंभर टक्के खरे होते आणि ते मी नीट पाहिलेही होते, म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आम्ही अमळनेरचे. घरात पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षातून चार-सहा वेळा तंबू, गॅसची शेगडी आणि पाण्याचे कॅन घेऊन बाहेर मुक्काम करण्याची सवय आम्हाला करोनानंतर लागली. तोरणमाळ, पाल, पाटणादेवी या जागा झाल्याच, पण अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही, त्यामुळे आमचे बहुतेक मुक्काम सातपुड्याच्या पायथ्याशी ओळखीच्या शेतकऱ्यांच्या मळ्यात होत. मळ्यापर्यंतचा रस्ता म्हणजे गाडवाट, मध्ये एखादा नाला आणि पावसाळ्यात खानदेशची काळी माती. ही माती चाकाला चिकटली की टायरच्या नक्षीत भरून बसते आणि चाक नुसते गुळगुळीत रूळ होऊन फिरत राहते. आमच्या जुन्या छोट्या गाडीचा तळ दगडांवर घासून घासून सायलेन्सर दोनदा बदलावा लागला, तेव्हा पिकअप घ्यायचे ठरले.

इंटरनेटवर अमेरिकन कुटुंबे ज्या फोर्ड एफ-१५० किंवा रॅम १५०० मधून रानात मुक्कामाला जाताना दिसतात, त्या अवाढव्य पिकअप आपल्याकडे अधिकृतपणे विकल्याच जात नाहीत, आणि विकल्या गेल्या असत्या तरी आमच्या गल्लीत वळल्या नसत्या. आपल्याकडे मोठी पिकअप म्हणजे पाच मीटरहून थोडी अधिक लांबीची, पाच माणसे बसणारी आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. त्यात २०१६ मध्ये आलेली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स ही दोन नावे मुख्य, आणि जुन्या बाजारात टाटाची झेनॉन व महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे. नवी हायलक्स तेव्हा तीस लाखांच्या पुढे जात होती, म्हणून आम्ही जुनी शोधू लागलो. माझी गाडी यांपैकी कोणती, हे मुद्दाम सांगत नाही, कारण जे घडले त्यात बनवणाऱ्या कंपनीचा काहीही दोष नाही.

एक गोष्ट मी तेव्हा शिकलो होतो आणि तिचाच मला पुढे गर्व झाला. या गाड्यांपैकी बऱ्याच फोर बाय टू आणि फोर बाय फोर अशा दोन्ही प्रकारांत आलेल्या आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांत फारसा फरक दिसत नाही. फोर बाय टूमध्ये फक्त मागची चाके गाडी ढकलतात, फोर बाय फोरमध्ये गरज पडेल तेव्हा पुढची चाकेही ओढू लागतात. मागे फोर बाय फोरचे स्टिकर चिकटवून साधी गाडी खपवण्याचे प्रकार होतात, हे वाचलेले असल्यामुळे मी व्यापाऱ्याला फोनवरच विचारले की आरसीवर मॉडेलचे पूर्ण नाव काय आहे. त्याने पाच मिनिटांत आरसीचा फोटो पाठवला. नाव फोर बाय फोरचेच होते. ‘शेठ, तुमच्यासारखं विचारणारं गिऱ्हाईक रोज येत नाही,’ असेही तो म्हणाला. मला बरे वाटले.

गाडी पाहायला मी आणि माझा मेहुणा गेलो. चासी नंबर आरसीशी जुळला, बँकेचा बोजा उतरलेला होता, विमा चालू होता, गाडी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, कारण पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या तळाशी गाळाची रेघ राहते. तशी ती नव्हती. गाडीला पुढे भलेमोठे लोखंडी गार्ड, बाजूला इंजिनाला उंचावरून हवा देणारा उंच नळीचा स्नॉर्केल आणि हौद्यावर छत होते. असे गार्ड लावण्याला केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस मनाई केलेली आहे, हे मी त्याला सुनावले आणि त्याने लगेच ते काढून द्यायचे कबूल केले. गाडीचा तळ नव्या काळ्या कोटिंगने चकाकत होता. ‘पावसाळा तोंडावर आहे, गंज लागू नये म्हणून कालच मारून घेतलं,’ असे तो म्हणाला, आणि ती मला त्याची काळजी वाटली.

मग मी फोर बाय फोरची चाचणी मागितली. यार्डाच्या मागे कोरड्या मुरमाचे मैदान आणि एक लहानसा चढ होता. त्याने बटण फिरवले, डॅशबोर्डवर चार चाकांचे हिरवे चिन्ह उजळले आणि गाडी दिमाखात चढावर गेली. ‘आता फरक बघा, पुढून कशी ओढते ते,’ असे तो म्हणाला आणि मला खरोखरच फरक जाणवला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. कोरड्या मुरमाचा तो चढ मागच्या दोन चाकांवर कोणतीही गाडी चढली असती. पुढून येणारी जी ओढ मला जाणवली, ती फक्त त्याच्या बोलण्यात होती.

पुढचे अडीच महिने काहीच घडले नाही. गाडी उत्तम चालत होती. मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमुळे हौदा रिकामा असला की गाडी उडते, अशी आईची तक्रार होती, पण ती सगळ्याच पिकअपची गोष्ट आहे. हौद्यात दोनशे किलो सामान टाकले की ती शांत होते.

पोळ्याला मित्राने मळ्यात बोलावले होते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. बांधापासून गोठ्यापर्यंतची वाट जेमतेम शंभर पावलांची, पण मध्ये कपाशीच्या शेतातले पाणी उतरून खोलगट पट्टा तयार झालेला. मी बटण फिरवले, हिरवा दिवा लागला आणि निर्धास्तपणे गाडी घातली. पट्ट्याच्या मध्यावर ती थांबली. ॲक्सिलरेटर दिला की मागून चिखलाचे कारंजे उडे आणि गाडी आणखी चार बोटे खाली बसे. सगळ्यांना खाली उतरवून मी पुन्हा प्रयत्न करत असताना बांधावर उभी असलेली माझी नऊ वर्षांची मुलगी ओरडली, ‘बाबा, पुढची चाकं फिरतच नाहीयेत!’ मी तिला गप्प बसायला सांगितले. दिवा तर लागला होता.

मित्राच्या सालदाराने एकदा गाडीकडे आणि एकदा गोठ्याकडे पाहिले. गोठ्यात झुली घातलेली, शिंगे रंगवलेली बैलजोडी उभी होती, पण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. दोन शेते पलीकडून ट्रॅक्टर येईपर्यंत दीड तास गेला. तोवर खापरावरच्या पुरणपोळ्या निवल्या आणि आमच्या गाडीचे कौतुक पाहायला जमलेली पोरे हसून परत गेली.

मुलीचे ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. चार दिवसांनी अमळनेरच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी लिफ्टवर चढवली. त्याने बॅटरी मारली, थोडा वेळ काहीच बोलला नाही आणि मग म्हणाला, ‘भाऊ, हाई गाडीले पुढला शाफ्टच नही शे.’ मी वाकून पाहिले. गिअरबॉक्सला लागून असलेल्या ट्रान्सफर केसमधून, म्हणजे ताकद पुढे आणि मागे वाटणाऱ्या पेटीतून, दोन दांडे (शाफ्ट) निघायला हवेत, एक मागच्या डिफरन्शियलकडे (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीकडे) आणि एक पुढच्या. मागचा होता. पुढच्या बाजूला दांडा जोडायची नुसती गोल चकती (फ्लँज) होती आणि तिच्यावर बोल्टची चार रिकामी भोके. त्या भोकांच्या आतपर्यंत ते नवे काळे कोटिंग गेलेले होते, म्हणजे कोटिंग मारले गेले तेव्हाही तिथे शाफ्ट नव्हता. मिस्त्रीने पुढच्या डिफरन्शियलचे ऑइल काढले तर त्याबरोबर गिअरच्या दातांचे तुकडे पडले. एक तुकडा हरभऱ्याएवढा होता. तो मी अजून जपून ठेवला आहे.

असे का झाले असावे, याचे मिस्त्रीने सांगितलेले कारण समजण्यासारखे आहे. या प्रकारच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये वेगाचा फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून तो फरक मिटवतात, पण कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही आणि सगळा ताण दांड्यांवर व दातांवर येतो. आधीचा मालक डांबरी रस्त्यावरही फोर बाय फोर लावून फिरत असावा, आणि पुढचे टायर मागच्यांपेक्षा वेगळ्या मापाचे होते, त्याने भर घातली असावी. डिफरन्शियल फुटले, दुरुस्ती महाग, म्हणून शाफ्ट काढून टाकला आणि गाडी मागच्या चाकांवर चालू राहिली. आमच्या गाडीत तो हिरवा दिवा ट्रान्सफर केसमधल्या स्विचवर लागतो. आतला गिअर पडला एवढेच त्याला कळते. त्याच्या पुढे दांडा आहे की नाही, हे त्याला कळायचा प्रश्नच नाही.

आता मी जे करायला हवे होते ते सांगतो. गाडी घेण्याआधी तिला लिफ्टवर चढवा आणि पुढच्या बाजूला जाणारा दांडा हाताने धरून पाहा. लिफ्ट नसेल तर चटई टाकून खाली झोपा. पाच मिनिटांचे काम आहे. ताजे काळे कोटिंग दिसले तर त्याखाली काय झाकले आहे, ही शंका आधी घ्या. दुसरी चाचणी आणखी सोपी आहे. डांबरी मोकळ्या जागेत फोर बाय फोर लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, चालण्याच्या वेगाने जेमतेम अर्धे वर्तुळ घ्या. गाडी खरी असेल तर स्टिअरिंग जड होते, टायर कुरकुरतात आणि गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी अडते. ती लोण्यासारखी वळली, तर पुढे ताकद जात नाही. ही चाचणी फार वेळ करू नये, पण एवढ्याने काही बिघडत नाही. हायलक्स, व्ही-क्रॉस किंवा अशाच पद्धतीच्या कोणत्याही जुन्या पिकअपला ती लागू पडते. गाडी माझ्या नावावर होताना जळगावच्या आरटीओत तपासणी झाली होती, पण तिथे चासी नंबर पाहतात. शाफ्ट मोजणे त्यांचे काम नाही.

व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने आधी आश्चर्य दाखवले, मग म्हणाला की चिखलात चालवताना शाफ्ट तुमच्याकडूनच पडला असेल, आणि शेवटी शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरील कराराची आठवण करून दिली, ज्यात ‘गाडी जशी आहे तशी तपासून घेतली’ असे वाक्य होते आणि खाली माझी सही. फोर बाय फोर चालू आहे, असे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते. ते मी लिहून घ्यायला हवे होते. सुदैवाने इसार देण्याआधी त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘फोर बाय फोर एकदम ओके, जबाबदारी माझी’ हा निरोप माझ्याकडे होता.

वकिलांनी दुरुस्तीला हात लावू दिला नाही. आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी अहवाल, फ्लँजचे आणि त्या चार भोकांचे फोटो, आणि व्हॉट्सॲपच्या निरोपासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र, एवढे तयार केले. मग नोटीस, आणि उत्तर न आल्यावर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार. व्यापारी गुजरातेत असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, हे मला माहीत नव्हते आणि सुरतेला तारखांना जावे लागेल या धास्तीने मी दोन महिने वाया घालवले होते. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला शुल्क चारशे रुपये आहे आणि मुदत दोन वर्षांची. आणखी एक गोष्ट वकिलांनी विचारली आणि मी निरुत्तर झालो: १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते, ते पाहिले होते का? आरसीचा फोटो मागणाऱ्या मला हे कधी सुचलेच नव्हते.

तक्रार चालू आहे. अहवाल दाखल झाल्यावर, यंदाच्या मार्चमध्ये, मी स्वतःच्या खर्चाने दुसरे डिफरन्शियल आणि शाफ्ट बसवून घेतला. मजुरी आणि चार सारख्या टायरांसह पावणेतीन लाख रुपये लागले. मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच्या डांबरावर मी बटण फिरवले, स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि गाडी हळूच सोडली. स्टिअरिंग हाताला जड लागले, पुढचे टायर कुरकुरले आणि गाडी अडली. मुलगी शेजारी बसली होती. ‘बाबा, बिघडली का?’ असे तिने विचारले.