मायक्रोवेव्ह: दुरुस्ती की नवा?

वहिनी विचारतात, ताटली फिरते, दिवा लागतो, पण दूध गारच. काय करू?

खर्च दोषावर ठरतो. ठिणग्या उडत असतील तर बहुधा ओव्हनच्या आतल्या भिंतीवरचा अभ्रकाचा पत्रा जळलेला असतो. तो स्वस्त, आणि प्लग काढून घरीही बदलता येतो. वहिनींच्या लक्षणांत मात्र डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) किंवा मॅग्नेट्रॉनवर (गरम करणाऱ्या लहरी तयार करणारा भाग) संशय येतो. मॅग्नेट्रॉन महाग.

जोखमीचं म्हणाल, तर बाहेरचं कव्हर घरी उघडूच नका, हात जोडून सांगते. कपॅसिटरवर २००० व्होल्टच्या आसपास दाब असतो. प्लग काढल्यावरही तो जीव घेऊ शकतो. ते काम मेकॅनिकचंच.

ओव्हन तीन-चार वर्षांचा, दार घट्ट बसणारं, तर दुरुस्ती. आतून गंजलेला, दार वाकलेलं आणि मॅग्नेट्रॉनही गेलेला, तर नवाच घ्या.