नवशिक्याचा गोल्फ सेट, वर्षभर वापरून: काठ्या बऱ्या, कडी सैल

नाशिककरांसाठी आधी एक खुलासा. मी गोल्फ क्लबबद्दल बोलायला लागलो की इथे पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘रोज किती चकरा होतात?’ हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सगळं गाव गोल्फ क्लब म्हणतं. तिथे चालणारे असतात, पळणारे असतात, रणजीचे सामने होतात, गोल्फ मात्र औषधालाही नाही. मी लिहितोय ते चेंडू मारायच्या काठ्यांबद्दल.

गेल्या दिवाळीनंतर ऑनलाइन डबा-सेट घेतला, पस्तीस हजारांच्या आत. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या सगळ्या सेटची जात एकच: ओतीव स्टेनलेसच्या डोक्याचे आयर्न (मधल्या पल्ल्याच्या काठ्या), मागून खोलगट, हलका ग्रॅफाइटचा दांडा. जाहिरातीत ‘१२ नग’ लिहिलं होतं. घरी मोजले तर लांब फटक्यांचे ड्रायव्हर आणि ३ नंबरचं वूड, दोन हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधल्या काठ्या), ६ ते ९ नंबरचे चार आयर्न, जवळच्या उंच फटक्यांचे पिचिंग वेज आणि सँड वेज, आणि चेंडू भोकात ढकलायचा पटर मिळून अकरा. बारावा नग म्हणजे पिशवी. बाजारात पिशवीचे पैसे वेगळे पडतात, म्हणून हे पचवलं.

कडीचं पचलं नाही.

आयर्नचं डोकं आणि दांडा जिथे जुळतात तिथे एक काळी प्लॅस्टिकची कडी असते, फेरूल. मार्चअखेरीस ६ आयर्नची ही कडी वर सरकलेली दिसली. नखाला फट लागत होती. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, काढला. त्यातली सगळ्यात जाड पाती सैल गेली, म्हणून दोन पात्या एकत्र लावाव्या लागल्या. मे उजाडेपर्यंत फट दोन मिलिमीटरच्या वर गेली आणि ८ आयर्ननेही तोच रस्ता धरला. माझी सगळी नोकरी सातपूरच्या टूलरूममध्ये झाली. असा जॉब आमच्याकडे इन्स्पेक्शनच्या टेबलावरून लाल टॅग लावून परत गेला असता. आता प्रत्येक फटक्याआधी खाली बघितलं की मला चेंडू दिसत नाही, ती फट दिसते.

विक्रेत्याच्या कस्टमर केअरला फोन लावला.

“सर, ते फक्त कॉस्मेटिक आहे.”

“मग लावता कशाला?”

“लुकसाठी, सर.”

“मग लुकच बिघडलाय ना?”

पलीकडे शांतता, मग संगीत. पुढे फोटो मागवले. व्हर्नियर लावून फोटो पाठवले, तर उत्तर आलं की फोटोत बिघाड स्पष्ट दिसत नाही. शेवटी तोडगा असा निघाला की सगळा सेट मूळ खोक्यात भरून पाठवायचा, कुरिअर खर्च ग्राहकाचा. मूळ खोकं सौ.ने केव्हाच भंगारवाल्याला दिलं होतं. चार फुटी पिशवीचं कुरिअर विचारून आलो, आणि त्या पैशात अशा कड्यांचं पाकीटभर सामान येईल हे कळल्यावर विषय मिटवला. म्हणजे त्यांच्यापुरता. माझ्यापुरता मिटला नाही, त्याशिवाय का हे लिहितोय.

वरचं सगळं मी जूनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं ठोकून दिलं होतं. पावसाळा गेला, आता ते खोडतोय.

एक तर तो फोनवरचा मुलगा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. फेरूल काहीच धरून ठेवत नाही. डोकं दांड्याला चिकटलेलं असतं ते होझलच्या, म्हणजे डोक्याच्या पोकळ मानेच्या, आतल्या एपॉक्सी गोंदाने. मी ६ आयर्नचं डोकं व्हाइसच्या मऊ जबड्यांत हलकं पकडून दांडा पिळून पाहिला, तसूभर हलला नाही. मात्र हेच एपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं. दुरुस्तीवाले डोकं काढायचं असलं की मानेलाच गरम करतात. तेव्हा एप्रिल-मेमध्ये पिशवी गाडीच्या डिकीत ठेवून ऑफिसला जाणाऱ्यांनी ती सवय आधी सोडावी.

कडीचा इलाज घरीच झाला. हेअर ड्रायरने कडी किंचित कोमट केली, रुमालात धरून खाली दाबत मानेला टेकवली आणि फटीत पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडला. वरून ॲसिटोनचं बोट फिरवलं की कडीला नव्यासारखी चकाकी येते. ॲसिटोन दांड्यावर जाऊ देऊ नका, रंग सोलतो. ८ आयर्नवर माझा एक ठिपका कायमचा राहिलाय. पावसाळाभर एकही कडी हललेली नाही. मग हाच एक थेंब कारखान्यात टाकायला काय जात होतं, हा राग मात्र आहे तिथेच आहे.

दुसरं, ग्रॅफाइटचा दांडा. पहिल्या महिन्यात तो मला खेळण्यातला वाटायचा. स्टीलचा दांडा साधारण शंभर ग्रॅमच्या पुढे, हा त्याच्या निम्म्याच्या आसपास. काठीचं डोकं कुठे आहे ते हाताला समजायचंच नाही. पुण्याचा भाचा म्हणाला, “मामा, स्टील घ्या, मर्द माणसाने स्टीलच वापरावं.” त्याचं वय अठ्ठावीस. रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, आपण मॅटवर मारतो आणि मॅटखाली काँक्रीट असतं. काठी चेंडूमागे आपटली की दणका थेट कोपरात येतो. माझ्या बरोबरीने सुरुवात केलेले, स्टीलवाले एक शेजारी कोपराला पट्टा बांधून बसलेत. माझं कोपर शाबूत आहे. पन्नाशीच्या पुढच्यांनी डोळे झाकून ग्रॅफाइट घ्यावं.

मागून खोलगट डोकं, म्हणजे कॅव्हिटी बॅक, याबद्दल दुमत नाही. मधलं वजन काढून कडेला नेलं की चेंडू टोकाकडे लागला तरी डोकं कमी पिळतं. हे तत्त्व रुळवलं कार्स्टन सोल्हाइमने. जनरल इलेक्ट्रिकमधला हा इंजिनिअर १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवायला बसला आणि त्यातूनच पिंग कंपनी उभी राहिली. टूलरूमवाल्याला अशी माणसं आपली वाटतात. ब्लेड, म्हणजे सपाट पाठीचे आयर्न दिसायला देखणे, पण नवशिक्याच्या हातात ते शिक्षाच.

आता कोनांचं. बेव्हल प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोनमापक, घरात होताच, सगळे लॉफ्ट मोजले. लॉफ्ट म्हणजे काठीचा चेहरा मागे किती कललाय तो कोन; कोन कमी तर चेंडू लांब. ७ आयर्न ३० अंश निघाला. जुन्या सेटमध्ये तो ३४-३५ असायचा. ‘आमचा ७ आयर्न लांब जातो’ या जाहिरातीतली मेख ही आहे, आकडा ७ आणि काठी जुन्या ६ची. त्याचा त्रास सेटच्या खालच्या टोकाला, वेजपाशी होतो. माझा पिचिंग वेज ४४ अंश आणि त्याच्यानंतर एकदम सँड वेज ५५. इतर काठ्यांत चार-पाच अंशांचं अंतर, इथे अकरा. पिचिंगने चेंडू ग्रीनच्या (भोकाभोवतालच्या हिरवळीच्या) पलीकडे, सँड वेजने अलीकडच्या खड्ड्यात. मधली ५० अंशांची गॅप वेज सुटी घ्यावी लागते, डब्यात ती बहुधा नसतेच. सेट घेण्याआधी विक्रेत्याकडे लॉफ्टचा तक्ता मागा. देत नसेल तर दुसरीकडे जा.

ग्रिपकडेही कोणी बघत नाही. डावा हात ग्रिपवर आवळला की मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं गादीत रुतली तर ग्रिप बारीक, लांब राहिली तर जाड. मला बारीक पडत होती. जुनं रबर ब्लेडने काढलं, खाली दुपदरी चिकटपट्टीचा एक थर वाढवला, पट्टीवर आणि नव्या ग्रिपच्या आत टर्पेंटाइन ओतून ग्रिप सरकवली. टर्पेंटाइन रविवार कारंजावरच्या रंगाच्या दुकानातलं. दुकानदाराने विचारलं, खिडक्या रंगवताय का? हो म्हणालो, समजावत कोण बसणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खर्चाचं. नियमात १४ काठ्या ही वरची मर्यादा आहे, कमीत कमी किती याला बंधन नाही. तरी लोक १४ भरायच्या मागे लागतात. माझ्या पिशवीतून खरोखर बाहेर येतात त्या पाचच: ५ नंबरचा हायब्रिड, ७ नंबरचा आयर्न, ९ नंबरचा आयर्न, सँड वेज आणि पटर. ड्रायव्हर अधूनमधून, तोही ४६० सीसीचं भलंमोठं डोकं फुकट जाऊ नये म्हणून. आज कुणी विचारलं तर मी या पाचच सुट्या घ्यायला सांगेन. वापरलेल्या मिळाल्या तर उत्तम. डोकं कानाशी हलवून आतून खडखड येते का ऐका, चेहऱ्यावरच्या खाचांतून नख फिरवा, आणि कडी बघा. हो, कडी बघाच.

माझं ३ वूड विकायचं आहे. जमिनीवरचा चेंडू मला त्याने उचलता येत नाही आणि येईल अशी आशाही उरली नाही. डोक्यावरचं कव्हर कोरं आहे, मूळ ग्रिप आहे, कडी मी स्वतः चिकटवलेली आहे, गेज लावून तपासून घ्या. सातपूरला रविवारी सकाळी येऊन बघा. घासाघीस करणार असाल तर चहा मिळणार नाही.