नवशिक्या धनुर्धरासाठी परवडणारे बाण: ईस्टन जॅझ १७१६ चे परीक्षण

लाकडी किंवा बांबूच्या साध्या धनुष्यावर शिकायला सुरुवात करणाऱ्याने पहिले बाण कोणते घ्यावेत, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ॲल्युमिनियमचे, असे असते. आणि धनुष्य २४ ते २८ पाउंडांचे असेल, म्हणजे ते पूर्ण ओढायला तेवढे बळ लागत असेल, तर ईस्टन कंपनीच्या जॅझ मालिकेतील १७१६ मापाचे. पारंपरिक धनुर्विद्येत धातूचा बाण कशाला, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यामागची भावना मला समजते. पिसे लावलेला लाकडी बाण धनुष्यावर जितका शोभतो तितका जांभळ्या रंगाची ॲल्युमिनियमची नळी कधीच शोभणार नाही. तरीही पहिल्या वर्षात शिकणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती एकसारख्या बाणांची. सहाही बाण सारखे असतील तरच एखादा बाण डावीकडे का गेला, याचे उत्तर आपल्या हातात, खांद्यात किंवा दोरी सोडण्याच्या पद्धतीत शोधता येते. बाणच निरनिराळे असतील तर चूक कोणाची, हे शिक्षकालाही सांगता येत नाही.

स्वस्त बाणांच्या जाहिरातीत रंग, टोक, पिसांची लांबी हे सगळे असते, पण स्पाइनचा आकडा बहुधा नसतो, आणि खरेदी नेमकी त्या आकड्यावर ठरायला हवी. स्पाइन म्हणजे बाणाच्या दांड्याचा ताठपणा. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या बाणांसाठी तो मोजण्याची ठरलेली रीत अशी की, दांडा २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायचा, मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगायचे आणि तो किती वाकतो ते इंचाच्या हजारांश भागांत मोजायचे. आकडा मोठा असेल तर बाण मऊ आणि लहान असेल तर ताठ. जॅझ १७१६ चा आकडा ८८० आहे, म्हणजे तो मध्यभागी सुमारे २२ मिलिमीटर वाकतो. १७१६ या नावातही माप दडलेले आहे: नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या १७/६४ आणि पत्र्याची जाडी इंचाच्या १६ हजारांश. पारंपरिक धनुष्याची मूठ मधोमध कापलेली नसल्यामुळे बाणाला सुटताना तिला वळसा घालून जावे लागते, म्हणून तो योग्य प्रमाणात लवचीक असणे येथे आधुनिक रिकर्व्हपेक्षाही (टोके पुढे वळलेल्या, ऑलिंपिकमधल्या धनुष्यापेक्षाही) महत्त्वाचे ठरते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर तो सारखा डावीकडे जातो, आणि बिचारा नवशिका ती स्वतःची चूक समजून नेम बदलत राहतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कार्बन बाणांबाबत माझी मुख्य तक्रार हीच आहे. ५०० स्पाइनचा बाण २० पासून ६० पाउंडांपर्यंत कोणत्याही धनुष्याला चालतो, असे तेथे सर्रास लिहिलेले असते. २५ पाउंडांच्या धनुष्यासाठी तो फारच ताठ असतो. शिवाय कार्बनची चीर सहज डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक वेळी बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवून कुरकुर ऐकू येते का ते पाहावे लागते, आणि ही शिस्त पहिल्या महिन्यात कोणी पाळत नाही. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली ती कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या यांत्रिक धनुष्यावर. ते धनुष्य, त्याचे बाण आणि त्यांची किंमत हे सगळे प्रकरण निराळे आहे. मुलाच्या हातात लाकडी धनुष्य असताना ‘तसलेच बाण’ मागणाऱ्या पालकांना मी एवढेच सांगतो.

लाकडी आणि बांबूच्या बाणांविषयी मात्र मी आदरानेच लिहीन. चांगला कारागीर दांडे वजनाने आणि ताठपणाने निवडून जुळवतो, लाकडाच्या रेषा नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत अडकणाऱ्या टोकाच्या) खाचेला काटकोनात येतील असे पाहतो, आणि असा संच हातात आला की दुसरे काही नको वाटते. असा संच स्वस्त नसतो, इतकीच अडचण आहे. स्वस्तात म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या बांबूच्या संचात मला दोन बाणांच्या वाकण्यात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला, आणि वजने तर हातावर तोलूनही वेगळी जाणवत होती. बांबूचा दांडा बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो, पेरांच्या जागी त्याचा ताठपणा बदलतो आणि एकच दांडा फिरवून मोजला तरी आकडा बदलू शकतो. निवड न करता बांधलेला संच एकसारखा निघणे शक्यच नाही. लाकडी बाणात आणखी एक धोका पाहावा लागतो. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने सरळ न जाता मध्येच कडेला बाहेर पडत असतील, तर सुटताना बाण तिथेच तुटून धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. असा बाण किती स्वस्त आहे, याला काही अर्थ उरत नाही.

आता जॅझकडे वळू. टेबलावर लोटला की तो न थरथरता सरळ घरंगळत जातो, आणि सहा बाणांत डावे-उजवे करता येत नाही. दांड्याचे वजन इंचाला सुमारे ९ ग्रेन (बाण तोलण्याचे लहान एकक) आहे. २९ इंचांचा बाण टोक, पिसे आणि नॉक धरून साधारण ३४० ग्रेन, म्हणजे २२ ग्रॅमच्या आसपास भरतो. २८ पाउंडांच्या धनुष्याला हे पाउंडामागे १२ ग्रेन होतात, त्यामुळे धनुष्यावर ताण येत नाही आणि ते शांतपणे सुटते. नॉक मागच्या निमुळत्या टोकावर चिकटवलेला असतो, तो फुटला तर घरी बदलता येतो.

तयार बाणांवर बहुधा प्लास्टिकची पाती असतात, आणि पारंपरिक धनुष्यासाठी हा यातला खरा दोष आहे. बाण मुठीच्या कडेवरून किंवा थेट हातावरून सोडला की प्लास्टिकचे पाते आपटून बाणाला उडवते. पीस मात्र दबते आणि निघून जाते. म्हणून दुकानदाराकडून चार इंची नैसर्गिक पिसे लावून घ्यावीत. एका बाणावरची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची असावीत. हातावरून बाण सोडणाऱ्याने प्रत्येक पिसाच्या पुढच्या टोकावर बोट फिरवून पाहावे: तिथला पिसाचा दांडा धारदार राहिलेला असतो आणि बाण सुटताना तो तर्जनीच्या मुळाशी बारीक, खोल काप देतो. त्या टोकावर गोंदाचा एक थेंब सुकू दिला की धार बुजते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओली पिसे चिकटून बसतात. तेवढे सहन करावे लागते.

दुसरा दोष म्हणजे ॲल्युमिनियम वाकते. बाण लक्ष्याच्या लाकडी चौकटीवर किंवा दगडावर बसला की बहुधा कायमचा वाकतो, आणि थोडासा वाकलेला बाणही संचातून बाजूला काढावा लागतो. मला हा दोष स्वीकारार्ह वाटतो, कारण टेबलावर घरंगळवताच तो उघड दिसतो; कार्बनसारखा लपून राहत नाही.

लांबीच्या बाबतीत काटकसर करू नये. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर मोजावे आणि अडीचने भागावे: १६५ सेंटिमीटर आल्यास ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावरचे अंतर, ६६ सेंटिमीटर किंवा २६ इंच. त्यापेक्षा निदान दोन इंच लांब बाण घ्यावा, कारण सराव वाढला की पाठ उघडते, ओढ वाढते आणि आखूड बाणाचे टोक धनुष्याच्या आत येऊन हातावर पडू शकते. दुकानदार बाण आत्ताच कापून देतो म्हणाला, तर नको म्हणावे. लांब दांडा थोडा मऊ वागतो हे खरे, पण नवशिक्याच्या हलक्या धनुष्यावर ते सोयीचेच असते. धनुष्य २० पाउंडांच्या आसपासचे असेल तर १६१६ आणि ३० पाउंडांचे असेल तर १८१६ पाहावा.

पुढे लाँगबो (लांब, साध्या पारंपरिक धनुष्याच्या) प्रकारात स्पर्धेला उतरायचे असेल तर जागतिक धनुर्विद्या संघटनेच्या नियमांनुसार बाण लाकडीच लागतात. तोवर ओढ आणि धनुष्याचे पाउंड स्थिर झालेले असतात, आणि कारागिराला नेमका ताठपणा सांगून लाकडी संच बांधून घेता येतो. तूर्त डझनभर न घेता सहा बाण घ्यावेत, सगळे एकाच मापाचे आणि एकाच दिवशी पिसे लावलेले, आणि पैसे देण्यापूर्वी त्याच मापाचा, त्याच पिसांचा सुटा बाण नंतर मिळेल का, हे दुकानात विचारून घ्यावे.