री:रोसास: समोरून 'घ्या, करा' म्हणणारा नाच, दोन महिने करून बघितला

दोन महिने आम्ही चौघीजणी चार खुर्च्या मांडून री:रोसास या ऑनलाइन डान्स प्रोजेक्टच्या व्हिडिओंवरून नाच शिकतोय, आता कुठे नीट सांगण्याइतकं मत झालंय म्हणून लिहितेय. कंटेम्पररी डान्स करत असाल किंवा शिकवत असाल तर हे कराच, नुसतं बघून सोडू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेल्जियमची कोरिओग्राफर आन तेरेसा द केर्समाकर, तिचा 'रोसास दान्स्ट रोसास' हा पीस, म्हणजे नाचाची रचना, १९८३चा, चार बायका आणि त्यातला एक अख्खा भाग खुर्च्यांवर. २०११ मध्ये गायिका बियॉन्सेच्या 'काउंटडाउन' गाण्याच्या व्हिडिओत त्यातल्या हालचाली, कपडे, शॉट्स इतके हुबेहूब वाटले की मोठा गदारोळ झाला. प्रेरणा घेतल्याचं बियॉन्सेने नंतर मान्य केलं पण आधी कुणी विचारलं नव्हतं. आणि २०१३ मध्ये, पीसला तीस वर्षं झाली तेव्हा, द केर्समाकरच्या रोसास या डान्स कंपनीनेच तो खुर्चीचा भाग री:रोसास या नावाने सगळ्यांसाठी खुला केला, शिका, तुमचं व्हर्जन बनवा, शूट करून पाठवा. शिकवणारी स्वतः द केर्समाकर आणि सोबत तिची डान्सर समांथा फान विसेन.

आधी हालचाली येतात. केसांतून हात फिरवणं, पायावर पाय टाकणं, अंग पुढे टाकून देणं, मान झटकन वळवणं, खांद्यावरचा कपडा सरकवणं. एकही गोष्ट अशी नाही जी आपण दिवसभरात करत नाही. आम्हाला दोन-तीन दिवसांत सगळं येत होतं आणि खूप छान वाटत होतं, मग पुढचा भाग सुरू झाला, म्हणजे या हालचाली कुठल्या काउंटवर (तालाच्या मोजणीतल्या कितव्या आकड्यावर), किती वेळा, कोण आधी कोण मागून, कुठे चौघी एकत्र आणि कुठे एकटीच सुटते, आणि तिथे आम्ही तीन आठवडे अडकलो. शेजारणीचा श्वास ऐकल्याशिवाय ते जमतच नाही. माझ्यासाठी या सगळ्याचं मोल इथे आहे, कारण हा पीस द केर्समाकरचा का आहे ते मला अंगाने कळलं. केसांतून फिरणारा हात कुणाच्याच मालकीचा नाही, पण तो हात कधी येतो, किती वेळा येतो आणि कशाला चिकटून येतो हे तिने ठरवलंय.

२०२३ मध्ये अमेरिकेत काइल हानागामी या कोरिओग्राफरच्या केसमध्ये (फोर्टनाइट गेममधल्या एका डान्स इमोटवरून, म्हणजे पात्राला करायला लावता येणाऱ्या छोट्या नाचावरून, गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सविरुद्ध) अपील कोर्टाने साधारण हेच म्हटलं होतं, की कोरिओग्राफी म्हणजे नुसत्या सुट्या पोझेस नाहीत, टायमिंग, पॉज, ट्रान्झिशन, एनर्जी, रिपिटिशन हेही बघायला हवं. बातमी वाचली तेव्हा ते वकिली वाटलं होतं, खुर्चीवर बसल्यावर पटलं.

याआधी मी एक वर्कशॉप केलं होतं, नाव घेत नाही. तिथल्या सरांनी एक फ्लोअर फ्रेज (जमिनीवर करायच्या हालचालींची सलग मालिका) स्वतःची म्हणून शिकवली, मी ती त्यांच्या नावाने माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींनाही शिकवली, आणि दोन वर्षांनी एका परदेशी कंपनीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तीच दिसली, तोच क्रम, तोच मधला पॉज. उचललं याचा राग आलाच, पण जास्त वाईट वाटलं ते नाव लपवल्याचं, कारण नाव सांगितलं असतं तर मी मूळ काम दोन वर्षं आधी बघितलं असतं, त्यातून कितीतरी शिकले असते. री:रोसासमध्ये मूळ कुणाचं, कुठून आलं, सगळं समोर आहे आणि त्यामुळे कॉपी करताना मनात चोरटेपणा राहत नाही, चुका मोकळेपणाने होतात.

करणार असाल तर बिनहाताच्या, न हलणाऱ्या खुर्च्या घ्या आणि मानेला आधी नीट वॉर्मअप द्या, आमच्यातल्या एकीची मान आठवडाभर धरली होती. मोबाईलवर बघून शिकू नका, मोठा स्क्रीन लावा, काउंट चुकतात. पहिल्यांदाच नाचणाऱ्यांनाही हालचाली जमतील, रचनेला मात्र वेळ द्या, आणि चौघींची वेळ जुळवणं हेच सगळ्यात अवघड.

शेवटी आमचं व्हर्जन बनवताना आम्ही केसांतला हात काढला आणि तिथे चष्मा पुसणं टाकलं, आमच्यातली एक रिहर्सलमध्ये सतत करते ते. त्या एका बदलाने पूर्ण भाग संथ झाला, जड झाला, आम्हाला फार आवडला. तरी बघायला आलेली मैत्रीण पहिल्या मिनिटात म्हणाली, अगं हे रोसासच आहे ना. बरोबर होतं तिचं. रचना त्यांचीच आहे, म्हणून व्हिडिओवर पहिलं नाव त्यांचंच लिहिलंय.

आता खुर्च्या बाजूला केल्यात. चष्मा पुसणं तेवढं ठेवलंय आणि त्याभोवती काउंट आमचे आम्ही बांधतोय. सध्या चाळीस सेकंद झालंय.