पुरात गेलेल्या गाडीचा टोटल लॉस क्लेम - माझा अनुभव, ५ पैकी ३ स्टार

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा माझी गाडी बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत उभी होती. २००५ च्या पुरात तिथे गुडघाभर आलं होतं म्हणून सगळे त्याच हिशोबात होते, पण या वेळी पहाटे बघतो तर गाडीचं टपसुद्धा दिसत नव्हतं. पाणी उतरल्यावर आत सीटवर चिखलाचा थर आणि डॅशबोर्डच्या वरपर्यंत पाण्याची रेघ. विमा कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर ओळखीच्या लोकांशी बोललो तर वेगवेगळ्या कंपन्यांकडून जवळपास असाच अनुभव आलेला.

एक गोष्ट मी बरोबर केली ती म्हणजे चावी लावलीच नाही. शेजारच्यांनी "बघू तरी" म्हणून स्टार्टर मारला, इंजिनात पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला आणि त्यांचा इंजिनाचा खर्च नामंजूर झाला, कारण त्यांच्याकडे इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाचं जादा कव्हर) नव्हतं आणि साध्या पॉलिसीत असं मागाहून झालेलं नुकसान धरत नाहीत. तर पाण्यात बुडालेली गाडी ढकला, टो करा, पण सुरू करू नका. आधी रेघेचे, ओडोमीटरचे, नंबर प्लेटचे फोटो काढा.

दोन दिवस लाईट नाही, नेटवर्क नाही, त्यामुळे क्लेम नोंदवला २४ तारखेला. सर्व्हेयर आला १ ऑगस्टला. त्या माणसाला मात्र पूर्ण ५ स्टार. दिवसभर चिखलात फिरून तो गाड्या बघत होता, तरी माझ्या गाडीजवळ पाऊण तास थांबला, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर), वायरिंग, एअरबॅग सगळं नीट लिहून घेतलं आणि पुढे काय काय होणार ते समजावून सांगितलं. रत्नागिरीच्या वर्कशॉपने एस्टिमेट काढलं ४,१०,००० आणि माझी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, होती ३,८५,०००. नियम असा आहे की गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती न करता गाडी पूर्ण गेली असं धरतात, माझ्या बाबतीत २,८८,७५० च्या वर. त्यामुळे त्यात वाद नव्हता.

वाद झाला पुढे. ऑगस्टच्या शेवटी क्लेम डेस्कवरून फोन आला की सर तुमच्या गाडीची आजची मार्केट व्हॅल्यू ३,३०,००० धरली आहे, संमतीपत्रावर सही करून पाठवा म्हणजे लगेच पैसे टाकतो. घरात चिखल, दुकान बंद, बँकेचा हप्ता चालूच, अशा वेळी कोणीही सही करेल. मी पण करणार होतो, पण रात्री पॉलिसीचं पूर्ण बुकलेट उघडलं, म्हणजे ते मागची ३ वर्षं मेलमध्ये तसंच पडलेलं, आणि त्यात सरळ छापलंय की टोटल लॉससाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत मार्केट व्हॅल्यू धरली जाईल, आणखी घसारा लावला जाणार नाही. हे वाक्य स्टँडर्ड मोटर पॉलिसीतलंच आहे, तुमच्याही पॉलिसीत बघा. मी त्या पानाचा फोटो लावून मेल केला, फोनवर बोलणं बंद केलं आणि जे काय असेल ते लेखी द्या म्हटलं. ११ दिवस काहीच उत्तर नाही, मग थेट ३,८५,००० ची ऑफर. हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत नव्हतं असं मला वाटत नाही, म्हणूनच क्लेम डेस्कला २ स्टार. माझ्याच गल्लीतल्या एका काकांनी कमी रकमेवर सही करून दिलेली होती, ते ऐकून फार वाईट वाटलं.

मग सॅल्व्हेज, म्हणजे उरलेल्या गाडीची भंगार किंमत. त्यांनी ऑनलाईन बोली लावली, सगळ्यात वरची आली ६२,०००. दोन पर्याय दिले, गाडीचा सांगाडा स्वतःकडे ठेवा आणि ६२,००० वजा करून घ्या, नाहीतर गाडी त्यांच्या खरेदीदाराला द्या आणि पूर्ण रक्कम घ्या. मी दुसरा घेतला. इथे एक सांगतो, आरसीसकट गाडी तशीच भंगारवाल्याच्या हातात देऊ नका. चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढवायचे प्रकार होतात आणि कागदावर मालक तुम्हीच राहता. गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मी रत्नागिरीला जाऊन आरसी रद्द करून घेतली, दोन फेऱ्या झाल्या पण डोक्याला शांती.

शेवटी ३,८५,००० मधून १,००० कंपल्सरी डिडक्टिबल (आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम) गेले (१५०० सीसीपर्यंत १,००० असतात, त्यावर २,०००), उरलेल्यातून बँकेचे बाकी १,४२,००० थेट बँकेला आणि माझ्या खात्यात २,४२,००० आले ११ ऑक्टोबरला. झिरो डेपचे (पार्टवर घसारा न कापण्याच्या कव्हरचे) जे जादा पैसे भरले होते त्याचा टोटल लॉसला काही उपयोग नाही, ते फक्त पार्ट बदलताना. आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) पण गेला.

सगळ्यात जास्त जे लागलं ते माझ्याच बाजूचं आहे. रिन्यू करताना एजंट आयडीव्ही ४,३०,००० ठेवू म्हणत होता, मी ऑनलाईन ३,८५,००० करून हजार-अकराशे वाचवले. त्या अकराशेचे ४५,००० गेले. आता नवीन गाडीला आयडीव्ही जास्तीत जास्त ठेवलीय आणि रिटर्न टू इनव्हॉइस घेतलंय, त्यात टोटल लॉसला बिलाची किंमत आणि बहुतेक पॉलिसींमध्ये रोड टॅक्स, रजिस्ट्रेशनसुद्धा मिळतं, फक्त ते गाडी नवी असतानाच मिळतं, किती वर्षं ते कंपनीवर आहे.

आता नियम जरा बरे झालेत, जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सर्क्युलरनुसार सर्व्हेयर २४ तासांत नेमायचा, रिपोर्ट १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय. अडलंच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील लागत नाही.

आणि चिपळूणकरांनो, रात्री पावसाचा जोर वाढला आणि त्यात भरतीची वेळ असली तर गाडी चढावर नेऊन ठेवा. मी आता मामाच्या अंगणात लावतो, चालत यायला वीस मिनिटं लागतात.